मामाजी अन् मेलेला झिंगा

हसायचं तर हसा, पण गोंदियात घरच्या घरी समुद्र बनवणं सोपं नाही. काचेची टाकी झाली, खारं पाणी झालं, दगड झाले. पण मासे लगेच सोडता येत नाहीत. आधी टाकीत काहीतरी सडवावं लागते, म्हणजे पाण्यात कामाचे जिवाणू तयार होतात. म्हणून मी बाजारातून एक झिंगा आणून टाकला.

नेमके त्याच दिवशी सासरे आले, इटियाडोह धरणाजवळच्या गावाहून, खास जावयाचा समुद्र पाहाले. टाकीसमोर खुर्ची ओढून बराच वेळ पाहत बसले.

"जवाईबापू, हा हालून नाही राहिला."

"मेलेला आहे, मामाजी."

"केव्हा मेला?"

"आणला तेव्हाच मेलेला होता."

मामाजी ताडकन उठले. "माह्या जावयाले मेलेला देते? चला!" मी जिवाणू समजावत राहिलो, ते चप्पल घालत राहिले.

बाजारात त्यांनी मासेवालीले चांगलंच झाडलं. तिनं कमरेवर हात ठेवले. "बाबाजी, मी ताजेच दाखवून राहिली होती. हेच म्हणाले, एकच दे, अन् शिळा असन तरी चालन!"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं.  घरी आल्याबरोबर सैपाकखोलीत गेले अन् माझ्या बायकोले हळूच विचारलं, "बाई, पोटभर जेवाले भेटते ना तुले?"

आता टाकीत रंगीत मासे आहेत, पोवळीही वाढून राहिली आहेत. पण तांदळाचं पोतं अजूनही दर महिन्याले गावाहून येते.