कापलेला कणा

न्हाई न्हाई, तुटला न्हाई तो, तांडेल — कापलाय. मीच कापलाय, करवतीनं. ह्या नावेच्या पोटाखाली पाच फूट कणा होता, टोकाला शिसं ओतलेलं. आता दीडच फूट राहिलाय. तुम्ही दर्यावर नावा हाकणारे, पार रत्नागिरीहून आलात, समुद्रातल्या शर्यतीसाठी नाव बघायला, तुमच्यापाशी काय लपवू? बाकीचं बघा की. अंग किती अरुंद ठेवलंय — का? रुंद नाव लाटेवर आपटत चालते, ही लाट चिरून जाते. शीड मुद्दाम मोठं. वेग पाहिजे का न्हाई? पाहिजे! हां — अरुंद अंग, वर मोठं शीड, म्हणजे उलटायचा धोका, आणि तिला सरळ धरून ठेवणारा एकटा कणाच — तेच विचारून राहिलात ना? मग कापला का? पाणी कुठं होतं, तांडेल! ह्या भेगाळल्या चिखलात उभे हावोत ना आपण, हे धरण हाय.

लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, नळ कोरडेच. लोक दुष्काळी कामावर खडी फोडून राहिलेले, आणि उदगीरच्या सिद्रामप्पा आडत्याचं पोरगं इंजिनिअर होऊन काय करतंय? नाव बांधतंय! बाजारात लई हसायचे. "मलप्पा, रांजणात सोडणार का रे?" दाखवायचं होतं त्यांना. आमच्या मुलखातल्या माणसानं समुद्राकडं का बघू नये? पण काठाला तेव्हा पाणी तीनच फूट, कणा चिखलात रुतायचा. लिंबाजी म्हणला, पाऊस पडू दे, धरण भरू दे. लिंबाजी म्हणजे माझा कॉलेजातला जोडीदार, देवणीकडचा, हिचं सगळं लाकूडकाम त्याच्या हातचं. थांब, थांब — जन्मल्यापासून दुसरं काही ऐकलं न्हाई मी. न्हाई थांबलो.

गेलेल्या शिशाच्या बदली खडीची पोती घातली. भरली कशी? बैलगाडी भरतात तशी! दुसरं काय ठाऊक आम्हाला? पुढं जास्त झालं तर गाडी धुरजड होते, बैलाच्या मानेवर बसते. मागं जास्त झालं तर उलार होते, जू वर उचलतं. मी पुढचं-मागचं वजन असं साधलं की लिंबाजी हसून म्हणला, "बैल दुवा देतील तुला." बांधली मात्र न्हाईत. गाडीत पोती आपल्या वजनानंच बसून राहतात ना. डावं-उजवं कुणाच्या डोक्यात येतंय? गाडीला दोन्हीकडं चाकं असतात.

सोडली नाव पाण्यात, आम्ही दोघं आत, आणि भर दुपारी कोरडं वादळ सुटलं. तुमच्या समुद्रात लाटेला लांबी असते, इथं उथळ पाण्यात आखूड, उभ्या, लागोपाठ — थोबाडीत मारल्यासारख्या. पण पळाली, तांडेल! अशी पळाली की पाण्याचा आवाज कापड फाटल्यासारखा. काठावर बाजारातली माणसं उभी, एकही हसत नव्हता. आणि लिंबाजी ओरडून राहिला — दोरी सोड, शिडातला वारा जाऊ दे! मी न्हाई म्हणलो. तो स्वतःच सोडायला वाकला. मग — मग पोती सरकली, सगळी एका अंगाला, आणि नाव उलटी. बुडाला तो. वादळानं. पंचनाम्यात तसंच लिहिलंय.

काय? येत होतं की पोहायला, माझ्यापेक्षा चांगलं. मधे दोन पुरुष खोल पाणी, त्यात त्या लाटा, काय पोहणार? मी उलट्या नावेच्या कण्याला धरून राहिलो. दीड फुटाचा, बुळबुळीत, दोन्ही हातांनी आवळावा लागतो. त्याला आवळता येईना. बोटं मोडली होती त्याची, उजव्या हाताची. कशानं म्हणजे? ह्या सुकाणूच्या दांड्यानं — हाच, माझ्या हातातला. एकदाच मारला. दोनदा. दोरी सोडत होता तो, तांडेल! सगळे बघत होते! कणा पाच फुटी असता तर काख अडकवून तरला असता, मुळात नाव उलटलीच नसती — ठाऊक हाय मला, गणित येतं मला, तुम्ही नका सांगू!

जाऊ द्या. नवा कणा बसवतो, शिसं ओतून. समुद्रावर न्या हिला, फक्त उदगीरचं नाव राहू द्या अंगावर. चढा वर, बसा. शीड चढवून दाखवतो. खाली ओंडके लावलेत, पडत न्हाई. बघा, भरलं! कशी थरथरून राहिली, बघा! करकरतीय? करकरू द्या. दोरीला हात कशाला लावून राहिलात? वारा वाढलाय तर वाढू द्या. सोडू नका. तांडेल, सोडू नका म्हणलं ना — बोटं काढा. बोटं काढा तिथून —

उतरा. उतरा, तांडेल, पळा. दांडा सुटंना माझ्या हातातून.