निळ्या कानाची डुकरीण

डुकरांवर संशोधन केलं म्हणून हसता काय? माझी अर्धी पदवी ताडकळसच्या एका डुकरिणीत अडकली होती, ऐका.

मी जनावरांचा डॉक्टर व्हायला शिकत होतो. ताडकळसला डुकरांत जंतूंची साथ आली. तिथल्या सखुबाई मावशीची नऊ डुकरं मेली, चार कशीबशी जगली, पण तिच्याच एका डुकरिणीला साधा तापही आला नाही. आमचे सर खूश! म्हणाले, "जंतू अंगात शिरल्यावर हिची जनुकं काय करतात ते बघू. आत्ता रक्त आण आणि साथ सरल्यावर पुन्हा आण."

पहिलं रक्त काढलं, खूण म्हणून डुकरिणीचा कान शाईनं निळा केला आणि बजावलं, "मावशी, साऱ्या गावात हीच एक दमदार हाय. मी आठ दिवसांनी येतो, तवर इला जपा."

मधेच विद्यापीठाच्या नामांतरापायी बंद झाला, एसटी थांबल्या. शेवटी महिन्यानं 'रविवारी येतो' म्हणून कार्ड टाकलं आणि गेलो. मावशीनं आधी ताटावर बसवलं. रस्सा असा झणझणीत की मी तीनदा मागून घेतला. मग हात धुऊन सुई काढली.

"मावशी, निळ्या कानाची कुठाय?"

"आत्ताच जेवलाव की!"

मी कपाळावर हात मारला. "अवो, जपा म्हणलो होतो ना!"

"जपली की महिनाभर!" मावशी भडकली. "तुमीच म्हणलाव, हीच सगळ्यात दमदार. मग पाव्हण्याला काय रोगट वाढू?"