पाणी आटल्यावर

डोळ्यांच्या दवाखान्यात शिंपीणबाई औषध घालून डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारच्या बापलेकीचं बोलणं आपसूक त्यांच्या कानावर पडत होतं.

“एवढं शिकून चिखल उपसतेस होय गं?”

“लाखो वर्षांपूर्वीच्या तळ्यांचा चिखल आहे, बाबा. पाऊस कधी होता, कधी नव्हता, ते त्याच्या थरांवरून कळतं.”

“नव्हता तेव्हा माणसं काय करायची?”

“पाण्यामागे निघायची. मिळेल ते खायला शिकायची, नव्या जागेशी जुळवून घ्यायची. त्यातूनच तर आपण घडलो.”

“म्हातारीकोतारीसुद्धा?”

“तेव्हाच्या एका म्हाताऱ्याची कवटी सापडलीय. तोंडात एकच दात उरलेला, तरी तो पुढे बरीच वर्षं जगला. कुणीतरी मऊ करून भरवत असणार.”

बापाचा आवाज खाली आला.

“विहीर आटली म्हणून घर सोडायचं, हे माझ्या जिवावर येतं गं.”

“माहीत आहे, बाबा.”

“तुझ्याकडच्या खोलीला खिडकी आहे?”

“आहे. चांगली मोठी आहे.”

“मग येतो. पण मला अजून नऊ दात आहेत, सांगून ठेवतो. भरवायला यायचं नाही.”

“नाही येणार.”

“आलीस तरी चालेल, म्हणा.”