चावी नसलेली गाडी

अहो, ती तार नका सोडवू — तिथं काही नाही. कार्बोरेटर बघा ना, मिस्त्री, कार्बोरेटरमध्येच कचरा असणार — नाही, मी आपलं सांगितलं. तुम्ही मेकॅनिक, मी कपडे शिवणारी बाई, मला काय कळतंय! पण इतकी वर्षं या शेडमध्ये यांना चहा आणून देतेय, थोडंफार कानावर पडतंच की. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं, चाकांत हवा कमी का ठेवायची — दगडावर टायर पसरतो, पकड बसते म्हणून — सगळं पाठ आहे मला. विचारा काय विचारायचं ते! हे येतीलच, प्लग आणायला गेलेत. महिनाभर तेच चाललंय, प्लग आणा, प्लग बदला, गाडी आपली ढिम्म.

हसू नका, पण ही मोटरसायकल पहिल्यांदा दारात आली तेव्हा मी विचारलं होतं, सीट चोरीला गेली का हो हिची? सीटच नाही! बसायचंच नाही म्हणे, उभं राहून चालवायची, खडकांवरून, ओंडक्यांवरून, आणि स्पर्धेत पाय खाली टेकला की गुण गेले. लोक बसायला गाडी घेतात, आमच्याकडे उभं राहायला! त्यात सेकंडहँड, आधीच्या माणसानं आपटून आपटून खिळखिळी केलेली. यांनी ती पार उघडली — क्लच, बेअरिंगं, पुढचे शॉक — माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर तिचे पार्ट वाळत घातलेले असायचे. सवत आहे माझी ती, मी सगळ्यांना सांगते. पण चालवायचे काय हो! मागच्या ओढ्यातले खडक बघितलेत ना येताना? त्यांच्यावर अशी चढवायचे, जशी मांजर माळ्यावर चढते. मी छातीवर हात ठेवून बघत उभी, आणि — खोटं कशाला बोलू — अभिमानही वाटायचा.

मग कानाचं झालं. आतल्या कानाचं — माणसाचा तोल तिथं असतो म्हणे. उभ्या उभ्या घर फिरायला लागतं यांना, भिंत धरावी लागते. डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. हे म्हणाले, डॉक्टरला काय कळतंय गाडीतलं! आणि गेले. गाडी अंगावर घेऊन खडकाखाली पडलेले, मीच धावत गेले, आणि मला काय म्हणाले असतील? 'आधी पेट्रोलचा कॉक बंद कर.' बरगडी मोडलीय, ओठातून रक्त येतंय, आणि यांना पेट्रोलची पडलीय! छातीचा पट्टा सुटला नाही तोच परत बूट चढवायला बसले. भांडले मी, रडले, अबोला धरला — काही उपयोग नाही. चावी लपवावी, तर या मेलीला चावीच नसते! किक मारली की झाली सुरू. मग मी करायचं तरी काय — अहो, ती टेप कशाला काढताय? मिस्त्री, ऐका तर, तिथं खरंच काही —

झालं. दिसली ना?

हो. टाचणीच आहे. माझीच, डोकं कापलेली. गाडी बंद करायच्या बटणाची ही तार बॉडीला टेकली की ठिणगी मरते, हे त्यांनीच शिकवलं होतं मला, मोठ्या हौसेनं. मी तारेतून टाचणी घातली, टोक फ्रेमला टेकेल न टेकेल असं, आणि वरून टेप. तार हातात धरली की ठिणगी येते, जागेवर बसवली की गुल! कॉइल बदलून झाली, कार्बोरेटर तर दुधाच्या पातेल्यासारखा घासला. आणि यांचा हात तारेकडे वळतोय असं दिसलं की मी यांना चहाला आत पाठवून टाचणी काढून घ्यायची, तार बघून हे हात धुवायला गेले की परत घालायची. असं बघू नका हो माझ्याकडे. माणूस शेडमध्ये आहे, जमिनीवर आहे, हाक मारली की ओ देतोय — मला तेवढं बास होतं. बरं चाललंय दोघांचं, असंच वाटायचं मला.

परवा माझ्या शिलाई मशीनचा पट्टा तुटला. यांनी नवीन बसवला — डोळे मिटून बसवतात एरवी — आणि म्हणाले, 'तू बघ गं जरा, नीट बसलाय का.' मला विचारतायत! आता गॅस बंद केलाय का ते बघायलाही जेवता जेवता उठतात. गाडीला कधी परका हात लागू दिला नाही, आणि आज तुम्हाला बोलावलं. तरी — मिस्त्री, तुम्ही इंजिन गेलं म्हणा. पार कामातून गेलं, भंगारात काढा म्हणा. तुमचं ऐकतील ते. एवढं करा माझ्यासाठी, तुमच्या आईनं सांगितलं असतं तर केलं असतं ना —

काय? फोनवर काय म्हणाले?

परत सांगा.

'दुरुस्त नाही केलीत तरी चालेल, दोष गाडीत आहे की माझ्या डोक्यात, तेवढं सांगा' — असं म्हणाले? तुम्हाला? मला नाही हो बोलले. माझ्यासमोर हसतात, भाजीला नावं ठेवतात, सगळं पहिल्यासारखं. माझे सासरे शेवटी घरातल्या माणसांना ओळखेनासे झाले होते, यांनीच केलं त्यांचं सगळं. आता आपलीही तीच गत होतेय, असं वाटत असणार यांना. महिनाभर तेच मनात घेऊन या शेडमध्ये बसलेत, आणि मी रोज उठून — बाई गं. काय करून बसले मी हे!

नको. इंजिन गेलं म्हणू नका, काहीच म्हणू नका. ती पक्कड द्या इकडे, मीच काढते. आली, निघाली. आता मारतील किक, जातील ओढ्यात, जाऊ देत — मी खाली उभी राहीन, दुसरं काय करणार? भीती वाटतेय हो मला. खडकांचीही वाटतेय आणि यांना तोंड दाखवायचीही.

फाटक वाजलं. आलेच. तुम्ही निघा बघू — नाही, तुमच्यासमोर नको, मला जमायचं नाही. हत्यारं राहू देत, उद्या न्या. मागच्या दारानं जा. अहो, जा ना, उभे काय राहिलात!

अहो, ऐकलंत का? इकडे या जरा. प्लग ठेवा बाजूला. तुमच्या डोक्याला काही म्हणजे काही झालेलं नाही.