शरयूमावशींच्या हातचा यिर्मया

समारंभाचे अध्यक्ष माननीय परीक्षितकाका, व्यासपीठावर विराजमान पाळकसाहेब, ज्यांना आज आपण निरोप देत आहोत त्या शरयूमावशी, आणि टेक्ससमधल्या फ्रिस्कोच्या आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीतील बंधुभगिनींनो,

आपल्यासारख्या अनुभवी माणसांपुढे मी लेखणी उचलावी, हा आगाऊपणा आहे. आधी त्याची माफी मागते. माइकसमोर माझा आवाज फुटत नाही, म्हणून हे भाषण निमिषदादा वाचत आहेत. दहावीला मी मराठीत पहिली आले होते, एवढ्या पात्रतेवर काकांनी ते माझ्याकडे सोपवलं. “लाइट ठेव,” अशी सूचनाही केली. प्रयत्न करते.

मंडळीच्या दशकपूर्तीनिमित्त बायबलमधली संदेष्ट्यांची सगळी पुस्तकं मराठीत हाताने लिहून काढायची, असा ठराव आपण एकमताने केला. घरोघरी अध्याय वाटले. वर्षभरात किती घरांतून पानं आली? एका. बाकीच्यांना मीटिंगा होत्या. मग समितीने पेन धरून अक्षरं काढणारं यंत्र आणलं आणि मुखपृष्ठावरचा ‘हस्तलिखित’ हा शब्दही त्याच्याकडूनच लिहून घेतला. यंत्र मोठं आज्ञाधारक. यहेज्केलाच्या दोन पानांवर शाई संपली, तरी ते लिहीतच राहिलं. त्या कोऱ्या ओरखड्यांना समितीने पृष्ठक्रमांक दिले आणि खाली ‘तपासले’ म्हणून सही केली. काय तपासले, हे विचारण्याइतकी मी उद्धट नाही. सही सुवाच्य आहे.

पानं आली ती मावशींची. लेकीकडे राहायला आलेल्या या एकाहत्तर वर्षांच्या बाईंनी यिर्मयाचे बावन्न अध्याय सात महिन्यांत लिहिले. पान झालं की मी छापील प्रत मोठ्याने वाचायची, त्यांनी आपल्या ओळींवरून बोट फिरवायचं. एक शब्द सुटलेला दिसला की ते पान पुन्हा. अशी एकतीस पानं पुन्हा झाली. काकांनी ती चाळली आणि अत्यंत मायेने म्हणाले, “मावशी, फील बॅड करू नका, पण अक्षर शेकी आहे. बुकचा लुक युनिफॉर्म राहत नाही.”

मावशी म्हणाल्या, “हात हलतो रे बाबा. शब्द एकही हललेला नाही.”

यिर्मयाला मंदिरात जायची बंदी होती, हे समितीला ठाऊक असेलच. त्याने सांगितलं ते त्याच्या लेखनिकाने, बारूखने, गुंडाळीवर लिहिलं, आणि लोकांपुढे जाऊन वाचलंही बारूखनेच. यहोयाकीम राजाने ती गुंडाळी लेखणी तासायच्या चाकूने कापून शेगडीत टाकली; बारूख पुन्हा लिहायला बसला. लिहिणारा नसता, तर ते भविष्य आज टेक्ससपर्यंत पोचलं असतं का? आणि राजाने निदान जाळताना ते ऐकून तरी घेतलं होतं. आपण मावशींची पानं न वाचताच रिसायकलिंगच्या खोक्यात टाकली.

ती मी उचलली. बांधणीवाल्याकडे कागद पोचवण्याचं काम, किरकोळ म्हणून, माझ्याकडे होतं. त्या दिवशी मी यंत्राचा यिर्मया काढला आणि मावशींचा घातला. समितीची परवानगी घेतली नाही. समिती उघडून पाहणार नाही, याची खात्री होती. समोर मखमलीखाली आहे ते हेच पुस्तक. आता शिवण उसवल्याशिवाय त्यातलं एकही पान निघणार नाही.

मावशी मंगळवारी अहिल्यानगरला कायमच्या परतत आहेत. समितीची शाल त्यांना लखलाभ होवो. पूर्वी हस्तलिखितांच्या नकला उतरवणारे कित्येकदा शेवटी आपलं नाव आणि दिवस लिहून ठेवत. तेवढ्यासाठी मी यिर्मयाच्या अखेरीस एक पान रिकामं ठेवून घेतलं आहे. मावशी, जाण्याआधी त्यावर नाव लिहा. काकांनी कृपया पुस्तक त्यांच्यासमोर उघडून धरावं.

निमिषदादांनी मधलं काही न गाळता वाचलं असेल, तर त्यांचे मनापासून आभार. आपण ऐकून घेतलंत, आपलेही. भाषेत काही उणं राहिलं असेल तर सांभाळून घ्या. पानांच्या अदलाबदलीबद्दल मात्र मी क्षमा मागत नाही.

आपली नम्र,
निधी

निमिषदादांना पाठवलं: शनिवार, १७ मे २०२५, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी