माळीपुऱ्यातली अकरा नावं

(अमरावतीजवळचा एक कसबा. विलायतेकडून कापसाला मागणी आली आणि गाडीवाल्यांचं भाडं दुप्पट झालं, ते साल. चावडीत बाजाराचे पंच निवडणाऱ्या घरधन्यांची यादी लिहिणारे कारकून वामनराव, दारात कोतवाल शालिकराम, आणि माळीपुऱ्याची मैनाबाई. तिनं आजवर चावडीचा उंबरा ओलांडला नव्हता. आज ओलांडलाय, तर काही केल्या मागे हटायला तयार नाही.)

मैनाबाई : मंग पुन्हा एकडाव वाचा ना जी. माह्या घरापुढं कोनाचं नाव लिवलं तुमी?

वामनराव : तीनदा वाचलं, बाई. माळीपुरा, घर सातवं. घरधनी, भगवंत.

मैनाबाई : भगवंत तीन वर्साचा हाय! त्याले अजून नाक पुसता येत नाई, अन् तो बाजाराचे पंच निवडाले जाईन?

शालिकराम : त्याचं तं बरं हाय साहेब, एका घरची घरधनी शालू लिवली हाय. ते पाळन्यात हाय म्हन्ते.

वामनराव : दात काढू नकोस, शालिकराम. माझी काय चूक? दारोदार फिरलो मी. पुरुष सगळे कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्याला. दारात बायका. घरधन्याचं नाव विचारलं, तर भगवंतचा बाप, शालूचा बाप! अहो, पण बाप कोण? की पदर तोंडाला. उन्हात डोकं तापलं माझं. जे कानावर पडलं ते लिहिलं.

मैनाबाई : नवऱ्याचं नाव घेतलं तं त्याचं आयुष्य घटते जी. तुमच्या घरी बाईसाहेब घेते का तुमचं नाव?

वामनराव : नाही घेत. पण आमच्या दारात कोणी यादीवाला आला नाही, म्हणून निभावलं. आता ऐका. कापसाचे दलाल उत्तमराव यांनी हरकत घेतली आहे. माळीपुऱ्यातली अकरा नावं पोराटोरांची आहेत, ती काढून टाका म्हणतात. खोटं तर बोलत नाहीत ना?

मैनाबाई : काढा ना. अन् त्या जागी आमच्या मानसाइचे लिवा.

वामनराव : तेवढ्यासाठीच यादी चार दिवस चावडीवर लावली होती. आजचा शेवटचा दिवस. उद्या सकाळी सवार ती अमरावतीला नेणार. मग वर्षभर एक नाव आत नाही की बाहेर नाही. पंच निवडायच्या दिवशी ज्याचं नाव पुकारतील त्यानंच मत द्यायचं. बाकीच्यांनी बघत बसायचं.

मैनाबाई : अन् दलालाचे पंच आले तं विहिरीजवळची आमची जागा जाते, हो ना? तिथं म्हन्ते कापसाच्या गाड्या उभ्या करतो, भाजीवाल्याइनं नाल्यापलीकडं बसा. तिकडं कोन मरते जी वांगे घ्यायले? तीन पिढ्या झाल्या आमाले त्या जागेवर.

वामनराव : म्हणूनच म्हणतो, नाव सांगा.

मैनाबाई : सांगते. घ्या लिवून. घर आठवं, जमुनाकाकूचे मालक, सखाराम. नववं, दौलत. दहावं, तुळशीराम. अकरावं, भिकाजी, थो काना हाय, एका डोयानं...

वामनराव : थांबा, थांबा! ही शेजाऱ्यांची नावं झाली.

मैनाबाई : दुसऱ्याच्या मालकाचं घ्याले काय होते? मी जमुनाकाकूच्या धन्याचं सांगते, ते माह्या धन्याचं सांगन. बाहेर निंबाखाली बसली हाय, बलावू?

शालिकराम : वा रे बापा, कमाल केली बाईनं!

वामनराव : छान आहे युक्ती, पण चालायची नाही. मागच्या गावी शेजाऱ्यांनी नावं सांगितली, त्यात दोघे मेलेले निघाले आणि एक गाव सोडून गेलेला. तेव्हापासून अमरावतीच्या साहेबांचा हुकूम आहे. ज्याच्या घरचं नाव, त्याच घरच्या जाणत्या माणसानं तोंडानं सांगायचं.

मैनाबाई : माही सासू असती तं घडाघडा सांगतलं असतं तिनं. मायले पोराच्या नावाची कायची लाज! पन गेली ते, दोन वर्सं झाली. बरं, असं करा. क्रिस्नानं बोटावर उचलला होता ना थो पहाड...

वामनराव : कळलं मला. पण कोड्यावर हरकत टिकते, बाई. दलाल सवार निघायच्या आत ते नाव खोडायला लावतील.

शालिकराम : दिवस मावळून राहिला, साहेब.

मैनाबाई : मले भेव लागून राहिलं जी. सहा दिवस झाले, थो रस्त्यावर हाय. आज मी नाव घेतलं अन् उद्या बैल बुजला, गाडी पलटली, तं जल्मभर म्हनीन का माह्या तोंडानं झालं.

वामनराव : खोटा धीर कशाला देऊ? पण तो परत येईल आणि जागेवर दुसऱ्याची गाडी उभी दिसेल, तेव्हा काय सांगणार आहात त्याला?

मैनाबाई : जाताना म्हने, मैना, मी येईलोक जागा सोडू नको.

वामनराव : मग?

मैनाबाई : लिवा.

वामनराव : सांगा.

मैनाबाई : ...गोवर्धन.

वामनराव : वडिलांचं नाव?

मैनाबाई : आवो, सासऱ्याचंबी घ्या लागते?

वामनराव : लागतं.

मैनाबाई : आता काय राहिलं मंग! नत्थुजी. गोवर्धन नत्थुजी माळी. लिवलं?

वामनराव : लिहिलं. वाचून दाखवतो. घर सातवं...

मैनाबाई : जोरानं वाचा जी. बाहेर साऱ्याजनी बसल्या हायत.

वामनराव : माळीपुरा, घर सातवं. गोवर्धन नत्थुजी माळी, धंदा भाजीचा. नाव कायम!

शालिकराम : साहेब, निंबाखालच्या बाया उठून राहिल्या. इकडंच येऊन राहिल्या साऱ्या.

वामनराव : मग बघतोस काय? दिवा लाव. आणि शाई आण दुसरी. कोण पुढं आहे?

जमुना : मी हाव जी, आठव्या घरची. सरक व मैना, मले जागा दे. साहेब, हळू सांगतलं तं चालन ना? चाळीस वर्सात पयलीच बारी हाय.