बिरूनं न उच्चारलेलं वाक्य

बसा, सगळे बसून घ्या. मागं उन्हात उभे आहेत त्यांनी थोडं आत सरका, व्हरांड्यात जागा आहे.

गयामावशी, सुनीतावहिनी, वस्तीवरची वडीलधारी मंडळी, जनावरांचे डॉक्टरसाहेब, केजहून माझ्याबरोबर आलेल्या आमच्या ऑफिसातल्या मुली, आणि लांबून आलेले पाहुणे.

मला चार लोकांत बोलता येतं असं म्हणतात. आज येत नाही. सकाळपासून तीनदा कागदावर लिहिलं आणि तीनदा फाडलं. दरवेळी बिरूचं कौतुक तेवढं उतरत होतं आणि माझा गुन्हा राहून जात होता. म्हणून कागद न घेता उभा आहे. मधे थांबलो तर सांभाळून घ्या.

माझं नाव मन्मथ शेटे. केजला बसस्टँडजवळ आमच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान आहे, त्याच्या माडीवर माझं ऑफिस. आम्ही कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितो. हे ऑफिस मी काढलं असं तुम्ही ऐकलं असेल. खरं म्हणजे ते दोघांनी काढलं. बिरू आणि मी. कॉम्प्युटरच्या एका क्लासला आम्ही शेजारी बसायचो. तो रोज धारूरहून जीपनं यायचा, अंगाला मेंढरांचा वास असायचा, पोरं लांब सरकायची. मीही सरकायचो. मग एकदा परीक्षेत माझा प्रोग्रॅम चालेना, तर हा वाकून म्हणाला, "शेट, तू एकाच ओळीला किती कामं सांगतोस? ती बी थकली असंल." त्या दिवसापासून मी सरकलो नाही.

आम्ही जो प्रोग्रॅम केला तो तुमच्यातल्या पुष्कळांच्या फोनवर आहे. जनावरांची नोंद ठेवायची. लस कधी, जंताचं औषध कधी, खुराकात काय. आणि रोज सकाळी ज्याच्या त्याच्या जनावराप्रमाणं निरोप जायचा. वाचता न येणाऱ्यांची अडचण व्हायला नको म्हणून बिरू म्हणाला, निरोप आवाजात पाठवू. आवाज त्याचाच घेतला. माझा आवाज ऐकून कोणता मेंढपाळ उठला असता? बिरूचा आवाज घरातला वाटायचा.

आता थोडं आमच्या कामाचं सांगतो. अवघड नाही, आणि सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

प्रोग्रॅममधे आपण गोष्टींचे गट करतो. जनावर हा एक मोठा गट. त्याच्या पोटात गाय, म्हैस, शेळी, मेंढी. वरच्या गटाला जे लागू केलं ते खालच्याला आपोआप लागू होतं. बापाचं लेकाला येतं तसं. आमच्यात त्याला वारसाच म्हणतात. मी पुण्याला दोन वर्षं नोकरी करून आलो होतो, मला या वारशाचं भारी वेड. मी फळ्यावर एक झाड काढलं. वर जनावर, खाली रवंथ करणारी, त्याच्या खाली शेळी, आणि शेळीच्या खाली मेंढी. दिसायला लई सुरेख होतं. शेळी आणि मेंढी सारखीच की, एकाच वेळी लस, एकच जंताचं औषध. शेळीचं लिहिलं की मेंढीचं फुकट मिळतंय, परत कशाला लिहायचं?

बिरूनं फळ्याकडं बघितलं. म्हणाला, "मेंढी शेळीची लेक न्हाई, शेट."

मी म्हणालो, "अरे, कागदापुरतं."

तो म्हणाला, "कागदापुरतंच चुकतंय. पुढं कुणी शेळीत काय घातलं तर मेंढीला न इचारता जाईल. त्यापरीस मधला भाग बारका ठेवू. त्याला कुठलं जनावर हाय तेबी माहीत नको. त्यानं नुसतं इचारावं, तुला आज काय पायजे? आन् ज्याचं त्यानं सांगावं. उद्या कुणाला कोंबड्या जोडायच्यात, कुणाला घोडं जोडायचंय, जोडू द्या. भिंतीला खुंट्या असत्यात, तसं. काय टांगलंय ते भिंतीला कावून कळाया पायजे?"

पुण्यात याला प्लगिन म्हणतात. मोठ्या कंपन्यांत त्याच्यावर दिवसदिवस बैठका होतात. ह्या माणसानं ते दोन मिनिटांत सांगितलं. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "बिरू, हे मी शिकून आलोय."

झाड तसंच राहिलं.

पुढं वर्षभर सगळं नीट चाललं. मला वाटलं, बघ, काय बिघडलं? आणि एका दुपारी, बिरू इथं लोकर कातरायला आला होता तेव्हा, शेळ्या पाळणाऱ्या काही लोकांचा निरोप आला की शेळ्यांची वाढ खुंटलीय, खनिजाचं मिश्रण द्यायचं रोजच्या निरोपात घाला. त्या मिश्रणात तांबं असतं. शेळीला ते मानवतं, लागतंच. मी शेळीच्या गटात ती एक ओळ लिहिली. आमच्या ऑफिसातली रेश्मा, ती बघा तिथं बसलीय, ती म्हणाली, "बिरूदादा आल्यावर दाखवून मग चालू करू, सर." असा नियमच होता आमचा. मी म्हणालो, "एक ओळ आहे. त्यात काय दाखवायचंय?"

ती ओळ शेळीत लिहिली आणि मेंढीत गेली. वारसा ना. न विचारता गेली. डॉक्टरसाहेबांना माहीत आहे, तुम्हाला सगळ्यांनाही आता माहीत आहे, की मेंढीला तांबं सोसत नाही. एकदम काही होत नाही. ते आत साठत राहतं, आणि एके दिवशी जनावर उभ्या जागी बसतं.

दुसऱ्या दिवसापासून मेंढ्या पाळणाऱ्यांच्या फोनवर निरोप जायला लागला. मेंढ्यांना रोज खनिज मिश्रण द्या. बिरूच्या आवाजात.

आणि इथं मला हळू बोलू द्या.

बिरूनं ते वाक्य कधी उच्चारलेलं नाही. आम्ही त्याच्याकडून सुटे शब्द बोलून घेतले होते. "मेंढ्यांना" वेगळं. "रोज" वेगळं. "द्या" वेगळं. औषधांची, खुराकाची नावं वेगळी. प्रोग्रॅम ते शब्द जोडून वाक्य करायचा. ते वाक्य माझ्या ओळीनं जोडलं. बिरू तेव्हा इथं, या वस्तीवर, हातात कातर घेऊन बसला होता. त्याला माहीतसुद्धा नव्हतं, आणि तो परत आल्यावरही मी दाखवलं नाही.

बहुतेकांनी तो निरोप ऐकला आणि सोडून दिला. कुणाला मिश्रण मिळालं नाही, कुणी कंटाळा केला. एका माणसानं एक दिवस चुकवला नाही. केजला जाऊन मिश्रण आणलं, रोज सकाळी स्वतःच्या हातानं चारलं. कारण सांगणारा भाचा होता. युसूफ वडगावचे लिंबाजीमामा. बिरूच्या आईचे, आपल्या गयामावशींचे, धाकटे भाऊ. बिरूचे सख्खे मामा.

पुढं काही आठवड्यांनी अकरा मेंढ्या गेल्या. चार दिवसांत अकरा. डोळे पिवळे पडले, लघवी लाल झाली. त्यातल्या किती गाभण होत्या ते मामांनाच ठाऊक. डॉक्टरसाहेबांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, तांबं बाधलंय.

आम्ही दोघं गेलतो तिथं. मामांच्या अंगणात माणसं जमली होती. मामा बिरूला म्हणाले, "म्या माझ्या कानानं ऐकलं. भाच्याचा आवाज मला वळखू येत न्हाई व्हय?"

बिरूनं माझ्याकडं बघितलं. त्याला तोवर कळलं होतं. वाटेत जीपमधे त्यानं फोनवर तपासलं होतं. आमच्या कामात प्रत्येक ओळीसमोर ती कुणी लिहिली त्याचं नाव राहतं, पुसता येत नाही. त्या ओळीसमोर माझं नाव होतं. फोन त्याच्या खिशात होता. नुसता काढून दाखवायचा होता.

जमलेल्यांतल्या एकानं मला विचारलं, "शेटजी, ह्ये कोण बघतं तुमच्याकडं?"

मी म्हणालो, "जनावरांच्या नोंदी बिरूच बघतो."

बघा, ते खोटं नव्हतं. बघायचा तोच. एवढं एक खरं वाक्य बोलून मी माझ्या मित्राला त्याच्या मामाच्या अंगणात उभा सोडला. खरं बोलूनही माणूस किती खोटं वागू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं. आणि कळूनही मी गप्प बसलो.

बिरू खाली वाकला, मामांच्या पायाला हात लावला. म्हणाला, "चुकलं, मामा." मामांनी पाय मागं घेतला. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं येणं-जाणं तुटलं.

परत येताना मी जीपमधे म्हणालो, "बिरू, तू सांगितलं कावून न्हाईस?" तो मग म्हणाला, "तुझं नाव गेलं तर हापिस बंद पडंल. पाच पोरी हायत तिथं. त्यांच्या घरच्यांनी लई आढेवेढे घेऊन धाडल्यात त्यांना." थोड्या वेळानं म्हणाला, "आन् म्या तवा जोरात बोलाया पायजे होतं. फळ्यापाशी. म्या एकदाच बोललो आन् सोडून दिलं."

म्हणजे माझ्या चुकीतही त्यानं स्वतःचा वाटा शोधला.

त्यानंतर तीन आठवडे तो ऑफिसात आला. माझं ते झाड त्यानं सगळं उतरवलं. मेंढी वेगळी केली, शेळी वेगळी केली, प्रत्येक जनावर आपापल्या पायावर उभं केलं. मधला भाग एवढासा ठेवला. रेश्माला शेजारी बसवून सगळं शिकवलं. ज्या दिवशी रेश्मानं एकटीनं त्यात कोंबड्या जोडल्या आणि बाकी कशालाही धक्का लागला नाही, त्या दिवशी संध्याकाळी त्यानं किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "येतो, शेट." बस, एवढंच.

सात वर्षं झाली. आज आमचा प्रोग्रॅम शेजारच्या जिल्ह्यांतही चालतो. कुणीही येऊन हवं ते जोडतं, काही मोडत नाही. लोक मला विचारतात, रचना कुणाची? मी म्हणतो, आमची. "आमची" या शब्दाच्या आड मी सात वर्षं उभा आहे. आणि बिरू इथं मेंढरं राखत होता, बाजारच्या दिवशी धारूरला मोबाइल दुरुस्त करत होता.

तुम्ही म्हणाल, सात वर्षांत एकदा जाऊन मामांना सांगता आलं नाही? दर दिवाळीला मी त्याला फोन करायचो. दरवेळी म्हणायचो, मी मामांशी बोलतो. तो म्हणायचा, राहू दे, आता सुगी चाललीय. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं व्हायचं.

त्यानं स्वतःहून मला एकदाच मागितलं. दोन महिन्यांपूर्वी. फोनवर म्हणाला, "शेट, माय थकलीया. तिला एकदा म्हाहेरी जायाचंय. तोंडानं बोलत न्हाई, पण वडगावची जीप दिसली की बघत बसती. तेवढं मामाला सांग. माझ्यासाठी न्हाई, तिच्यासाठी."

मी म्हणालो, "याच आठवड्यात जातो."

गेलो. युसूफ वडगावच्या फाट्याला उतरलो. तिथं चहा घेतला. मग दुसरा घेतला. मामांचं घर तिथून दिसतं. अंगणात कुणीतरी बाज टाकत होतं. मी परत फिरलो आणि केजची गाडी धरली. बिरूचा फोन आला तेव्हा सांगितलं, मामा घरी नव्हते.

गेल्या गुरुवारी सकाळी मेंढवाड्यातून मेंढरं सोडताना त्याच्या छातीत कळ आली. दवाखाना गाठायच्या आत तो गेला. एकोणचाळिसाव्या वर्षी. मामा घरी नव्हते, हे माझं त्याच्याशी झालेलं शेवटचं बोलणं.

सुनीतावहिनी, त्यानं तुम्हाला तरी सांगितलं होतं का? तुम्ही मान हलवताय. नाही. मला तेच वाटलं होतं.

मी क्षमा मागायला उभा राहिलो नाही. ज्याच्याकडं मागायची तो नाही, आणि मागून माझंच ओझं हलकं होईल. मला फक्त सगळ्यांच्या समोर हे सांगायचं होतं. ती ओळ मी लिहिली. बिरूनं ती लिहिली नाही, बघितली नाही, आणि ते वाक्य तो कधी बोलला नाही. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. रेश्माच्या लॅपटॉपवर ती ओळ आणि तिच्यासमोरचं माझं नाव आहे. ज्याला बघायचंय त्यानं बघा. ज्याला मला काही बोलायचंय त्यानं बोला, मी संध्याकाळपर्यंत इथंच आहे.

लिंबाजीमामा, तुम्ही आलात. कुणी बोलावलं नव्हतं, तरी आलात, आणि मघापासून तिकडं फाटकापाशी चपला घालूनच उभे आहात. मामा, तुमचा भाचा तुमच्याशी खोटं बोलला नव्हता. तुमच्या अंगणात त्यानं तुमचे पाय धरले, ते खरं मी धरायला हवे होते. तुमचा राग खरा होता, माणूस चुकीचा होता. तो माणूस मी आहे.

आता आपण बिरूसाठी शांत राहू. किती मिनिटं ते मी सांगत नाही. गयामावशी इथं पुढं एकट्या बसल्यात, त्यांच्या शेजारची जागा मोकळी आहे. मधल्या मंडळींनी थोडी वाट करून द्या. मामा, तुम्ही तुमच्या आक्कापाशी या. सावकाश या.

तुम्ही येऊन बसेपर्यंत कुणीही बोलणार नाही.